विश्लेषण : एका वॉटमध्ये घर दणाणून सोडणारे पॉल क्लिप्श कोण होते? बेसचा स्पीकर चार ओहमचा घ्यावा की आठचा?

लग्नसराईत किंवा गणपतीच्या दिवसांत मुळशी तालुक्यातील कासारसाईसारख्या गावात रात्री गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, गायक कोण तेही कळत नाही; लांबून पोहोचते ती फक्त बेसची धडधड. एकीकडे धरण, दुसरीकडे काही किलोमीटरवर हिंजवडीचे आयटी पार्क आणि मधल्या पट्ट्यात लॉन्स, फार्महाउस. कार्यक्रमाच्या ठिकाणी लावलेल्या काळ्या पेट्यांच्या तोंडाशी वाकून पाहिले, तर अनेकदा स्पीकर दिसतच नाही. दिसते ती आत वळत गेलेली प्लायची वाट. ती वाट म्हणजे घडी घातलेला कर्णा. असा बेसचा कर्णा घराच्या खोलीत मावेल एवढा लहान करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते अमेरिकी अभियंते पॉल विल्बर क्लिप्श. कर्ण्यात कोणता स्पीकर बसवायचा आणि त्याची कॉइल किती ओहमची असावी, हा प्रश्न साउंडचा धंदा करणाऱ्यांना आजही पडतो. क्लिप्श यांच्या आयुष्यात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

कर्ण्याची गरज का पडली?

स्पीकरचा कागदी पडदा जड असतो आणि हवा हलकी. पडदा पुढे-मागे हलला तरी हवा त्याला फारसा विरोध न करता बाजूला सरकते. त्यामुळे विजेचा बहुतांश भाग आवाजात न बदलता कॉइलमध्ये उष्णता होऊन जातो. साध्या पेटीतल्या स्पीकरची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे १०० वॉट दिले तर साधारण एक वॉटचाच आवाज होतो. कर्णा या दोघांमध्ये सायकलच्या गिअरसारखे काम करतो. अरुंद घशात हवा दाबली जाते, पडद्याला तिचा विरोध जाणवतो आणि हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळीतून तोच दाब बाहेरच्या मोकळ्या हवेत उतरतो. चांगल्या कर्ण्याची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या पुढे जाते. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात घरगुती अ‍ॅम्प्लिफायर पाच-दहा वॉटचे असत, त्या काळात हा फरक फार मोठा होता. आपल्याकडेही मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीच्या नानिक मोटवाने यांनी स्वातंत्र्य चळवळीतील नेत्यांचा आवाज मैदानभर पोहोचवला तो ध्वनिक्षेपकांच्याच जोरावर.

भाषणाला मात्र बेस लागत नाही, संगीताला लागतो, आणि अडचण तिथेच होती. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. हा स्वर नीट बाहेर पडायचा, तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच हवा. म्हणजे तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर. एवढा कर्णा चित्रपटगृहात पडद्यामागे मावेल, बैठकीच्या खोलीत कसा मावणार?

क्लिप्श यांचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

क्लिप्श यांचा जन्म ९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट येथे झाला. ते लहान असतानाच वडील वारले. पुढे कुटुंब टेक्सासमधील एल पासो येथे गेले. रेडिओचे नियमित सार्वजनिक प्रसारण सुरू होण्याआधीच, शाळकरी वयात, त्यांनी स्वतःचा रेडिओ संच जोडला होता. न्यू मेक्सिकोतील कृषी व यंत्रविद्या महाविद्यालयातून त्यांनी १९२६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. तेथे ते बँडमध्ये कॉर्नेट वाजवत. खऱ्या वाद्याचा आवाज जवळून कसा ऐकू येतो, याचा अनुभव त्यांना होता. घरी ऐकू येणारे संगीत त्याच्या जवळपास जायला हवे, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

पदवीनंतर त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी केली. १९२८ मध्ये ते दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेले आणि नायट्रेट वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या विद्युत इंजिनांची देखभाल पाहू लागले. तीन वर्षांनी ते परतले, स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि १९३४ मध्ये त्यांनी तेथे अभियंता ही पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर काही वर्षे टेक्सासमध्ये भूभौतिकीच्या क्षेत्रात, जमिनीखालचे तेल शोधण्याच्या कामात गेली. स्पीकर हा तेव्हा त्यांचा धंदा नव्हता. नोकरी सांभाळून केलेला उद्योग होता.

कोपऱ्याची कल्पना नेमकी काय होती?

खोलीच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवला की बेस भरदार लागतो, हे कोणीही घरी करून पाहू शकतो. कारण आवाजाला चहूकडे पसरायला जागा नसते. जमीन आणि दोन भिंती मिळून त्याला मोकळ्या जागेच्या आठव्या हिश्शात कोंडतात. क्लिप्श यांनी यातून पुढचे पाऊल उचलले. भिंती आवाज परतवतात एवढेच न मानता त्यांनी भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग ठरवले. जागा आठव्या हिश्शाची, तर तोंडाचे क्षेत्रफळही आठवा हिस्सा पुरते. ४० हर्ट्झसाठी मोकळ्या जागेत लागणारे सुमारे सहा चौरस मीटरचे तोंड कोपऱ्यात पाऊण चौरस मीटरच्या जवळ येते.

उरला प्रश्न लांबीचा. कर्ण्याचे क्षेत्रफळ ठरावीक अंतराला दुप्पट होत जावे लागते. ४० हर्ट्झसाठी हे अंतर साधारण ४७ सेंटिमीटर आहे. लहान घशापासून मोठ्या तोंडापर्यंत जायला अशा अनेक दुपटी लागतात. क्लिप्श यांनी ही वाट पेटीच्या आतच वळवून घेतली आणि तोंडे मागच्या बाजूने, कोपऱ्यातील भिंतींकडे उघडली. याविषयीचा त्यांचा शोधनिबंध १९४१ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. १९४३ आणि १९४५ मध्ये त्यांना पेटंटही मिळाली.

कंपनी कशी उभी राहिली?

दुसऱ्या महायुद्धात क्लिप्श लष्कराच्या आयुध विभागात अधिकारी होते. त्यांची नेमणूक आर्कान्सा राज्यातील होप या छोट्या गावाजवळच्या चाचणी केंद्रावर झाली. तेथे तोफगोळे आणि बॉम्ब यांच्या चाचण्या होत. क्लिप्श यांच्या राहत्या जागेत त्यांचा कोपऱ्यातला स्पीकर होता. तो ऐकलेले लोक विकत मागू लागले. युद्ध संपल्यावर ते होपमध्येच थांबले आणि १९४६ मध्ये त्यांनी ‘क्लिप्श अँड असोसिएट्स’ ही कंपनी काढली. नावात सहकारी होते, प्रत्यक्षात पहिली दोन वर्षे कोणी नव्हते. पहिला कामगार १९४८ मध्ये आला. कामाची जागा म्हणजे पत्र्याची छोटी शेड. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बिल क्लिंटन याच गावात, याच १९४६ सालात जन्मले.

‘क्लिप्शहॉर्न’ची संवेदनशीलता एक वॉटला, एक मीटरवर सुमारे १०४ ते १०५ डेसिबल सांगितली जाते. साधा घरगुती स्पीकर ८८ डेसिबलच्या आसपास असतो. १०४ धरले तरी फरक १६ डेसिबलचा, म्हणजे साध्या स्पीकरला ४० वॉट लागतील तेथे क्लिप्शहॉर्नला एक वॉट पुरतो.

कर्ण्यासाठी बेसचा स्पीकर निवडताना काय पाहायचे?

साध्या पेटीत चांगला वाजणारा वूफर कर्ण्यात चांगला वाजेलच असे नाही. क्लिप्श यांच्या काळात निवड बरीचशी मोजून, वाजवून आणि पुन्हा मोजून होत असे. पुढे १९७७ मध्ये डी. बी. कील या अमेरिकी अभियंत्याने स्पीकरच्या छापील आकड्यांवरून कर्णा आखण्याची पद्धत मांडली आणि काम सोपे झाले.

त्यातला सर्वांत उपयोगी हिशेब असा : स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या दुप्पट करायची आणि तिला ‘क्यूईएस’ या आकड्याने भागायचे. उत्तर येते ती त्या कर्ण्यातल्या बेसची साधारण वरची मर्यादा. स्पीकर ४० हर्ट्झचा आणि क्यूईएस ०.३ असेल, तर मर्यादा सुमारे २६७ हर्ट्झ. तोच आकडा ०.६ असेल, तर मर्यादा १३३ वर येते आणि बेस व टॉप यांच्यामध्ये खड्डा पडतो. क्यूईएस कमी असणे म्हणजे चुंबक आणि कॉइल यांची पकड पडद्याच्या वजनाच्या मानाने घट्ट असणे. कर्ण्याला अशीच पकड लागते, कारण त्यात पडद्याला दाबाखालची हवा ढकलायची असते.

दुसरी गोष्ट पडद्याचा ताठपणा. घसा पडद्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे पडद्यावर मोठा दाब येतो आणि मऊ कागद मुरडतो किंवा फाटतो. तिसरी गोष्ट मागची बंद पेटी. तिच्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ती योग्य मापाची असेल, तर खालच्या स्वरांत कर्ण्यातल्या हवेच्या जडपणाला तोलून धरते. पेटी एका स्पीकरसाठी आखलेली असताना तीत भलताच स्पीकर बसवला, तर हा तोल जातो.

चौथी गोष्ट अनेकदा विसरली जाते. कर्णा ज्या कंपनसंख्येसाठी आखला आहे, तिच्या खाली तो पडद्याला आधार देत नाही. तेथे पडदा मोकळा फडफडतो आणि कॉइल जागा सोडून धडकते. क्रॉसओव्हरमध्ये सर्वांत खालचे स्वर कापणारा फिल्टर लावला, तर महागडा स्पीकर वाचतो. अठरा इंची घेतला म्हणजे बेस आपोआप वाढतो, हाही गैरसमजच. क्लिप्श यांचा वूफर पंधरा इंचीच आहे.

मग चार ओहम की आठ ओहम?

व्हॉइस कॉइल म्हणजे पडद्याच्या मुळाशी गुंडाळलेली तार. तिच्यावर लिहिलेले ४, ८ किंवा १६ ओहम हा तिचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध. हा आकडा नाममात्र असतो, कारण तो प्रत्येक स्वराला बदलतो. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचा स्पीकर सहाच्या आत आणि ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास दाखवतो. स्पीकर बिघडला आहे, असा त्याचा अर्थ नाही.

अनेकांना वाटते, चार ओहमचा स्पीकर जोरात वाजतो. तो जोरात वाजतो, कारण त्याच व्होल्टेजला तो जास्त वीज ओढतो. अ‍ॅम्प्लिफायरने ४० व्होल्ट दिले, तर ८ ओहममध्ये २०० वॉट जातात, ४ ओहममध्ये ४०० आणि २ ओहममध्ये ८००. प्रवाह अनुक्रमे ५, १० आणि २० अँपिअर होतो. चुंबक तेच आणि तांब्याचे वजन तेच असेल, तर तार बारीक घेऊन जास्त वेढे दिले काय किंवा जाड घेऊन कमी दिले काय, एका वॉटमागे मिळणारा आवाज जवळपास सारखाच राहतो. छापील पत्रकात मात्र फसगत होते. संवेदनशीलता अनेकदा २.८३ व्होल्टला मोजलेली असते. हे व्होल्टेज ८ ओहमला एक वॉट देते आणि ४ ओहमला दोन. चार ओहमच्या रकान्यात दिसणारे तीन डेसिबल जादा असतात ते या दुसऱ्या वॉटचे.

त्यामुळे निवड करायची ती अ‍ॅम्प्लिफायर, पेट्यांची संख्या आणि केबल पाहून. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात, चार जोडल्या की २. प्रस्तुत प्रतिनिधीने अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगला हेच केले होते. चार पेट्या एकाच चॅनेलवर आणि अ‍ॅम्प्लिफायर किमान ४ ओहमचा. पहिल्या गाण्यातच तो बंद पडला. दोष यंत्राचा नव्हता, जोडणीचा होता.

केबलचाही हिशेब आहे. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३० मीटर ओढली, तर जाण्या-येण्याचा मिळून प्रतिरोध सुमारे ०.४ ओहम होतो. ८ ओहमच्या भाराला यात पाच टक्के शक्ती वाया जाते, २ ओहमच्या भाराला १७ टक्के. पेट्या लांब असतील तर जास्त ओहम बरे आणि अ‍ॅम्प्लिफायर पेट्यांच्या जवळ ठेवणे त्याहून बरे.

क्लिप्श यांनी चार ओहमचा वूफर का वापरला?

क्लिप्शहॉर्नमध्ये अनेक दशके वापरला गेलेला ‘के-३३’ हा वूफर नाममात्र ४ ओहमचा आहे, तरी पूर्ण स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असते. यात विसंगती नाही. कर्ण्यातली हवा पडद्याला विरोध करते, तेव्हा तो विरोध कॉइलपर्यंत पोहोचतो आणि विजेच्या बाजूनेही इम्पिडन्स वाढलेला दिसतो. मोकळ्या हवेत चार ओहमचा असलेला स्पीकर कर्ण्यात बसवल्यावर बेसच्या पट्ट्यात बराच वर चढतो. कर्णा हवेच्या बाजूने पडद्याशी जुळवला आणि कॉइल विजेच्या बाजूने अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवली, की थोड्या वॉटमध्ये काम होते. कॉइलचा आकडा सुटा न पाहता पेटीसह पाहायचा, हा धडा क्लिप्श यांच्या या जोडणीतून मिळतो.

प्रचारसभेशी त्यांचा संबंध कसा आला?

क्लिप्श यांनी पुढे आणखी मॉडेल काढली. दोन कोपऱ्यांतल्या स्पीकरांच्या मधोमध ठेवायला १९५७ मध्ये एक लहान पेटी केली. कोपऱ्याच्या कर्ण्याचा पुरस्कर्ताच साधी पेटी काढतो म्हणजे पाखंडच, अशी चेष्टा झाली, तेव्हा त्यांनी तिचे नावच ‘हेरेसी’, म्हणजे पाखंड, ठेवले. १९५९ मध्ये कोपऱ्यात किंवा भिंतीला लावता येणारा ‘कॉर्नवॉल’ आला.

त्यानंतरचा ‘ला स्काला’ आपल्याकडच्या पेट्यांना नात्याने सर्वांत जवळचा. विन्थ्रॉप रॉकफेलर १९६४ मध्ये आर्कान्साच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उतरले. त्यांच्या प्रचारासाठी उचलून नेता येईल आणि कोपऱ्याशिवाय वाजेल, असा कर्णा हवा होता. क्लिप्श यांनी बेसची वाट पुढे वळवून, तोंड समोर उघडणारी पेटी दिली. रॉकफेलर ती निवडणूक हरले, १९६६ ची जिंकले. ला स्काला घराघरांत पोहोचला. तोंड समोर आणि स्पीकर आत लपलेला, हीच कल्पना आज मांडवाबाहेरच्या अनेक पेट्यांत दिसते.

त्यांचा आग्रह वॉट वाढवण्याचा होता का?

नाही, उलट होता. क्लिप्श यांच्या मते कार्यक्षमता वाढली की आवाजातली विकृती कमी होते, कारण पडद्याला कमी हलावे लागते. पडदा जितका जास्त हलतो, तितका एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांत गोंधळ होतो, हे त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी शोधनिबंधांतून मोजून दाखवले. न पटणारे दावे ऐकले की ते कोटाची कड उलटून आत लावलेला पिवळा बिल्ला दाखवत. त्यावर त्या दाव्याची संभावना करणारा एक शिवराळ इंग्रजी शब्द छापलेला असे. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९७८ मध्ये त्यांना रौप्यपदक दिले. ते शिकले त्या विद्यापीठाचा विद्युत व संगणक अभियांत्रिकी विभाग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे कर्णा आला, पण काटकसर आली नाही. कार्यक्षम पेटीला हजारो वॉट दिले की कॉइल तापते. तांब्याचे तापमान २०० अंशांनी वाढले, तर प्रतिरोध पावणेदोन पटींच्या वर जातो. तेवढ्याच व्होल्टेजला वीज कमी जाते, आवाज बसतो, म्हणून आवाज आणखी वाढवला जातो आणि शेवटी कॉइल जळते. रिवाइंडिंगचा खर्च साउंडवाल्याच्या माथी येतो.

दुसरा खर्च शेजाऱ्यांचा आहे. बेस हवेत फारसा शोषला जात नाही आणि भिंतीही त्याला नीट अडवत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. एका वॉटला शंभर डेसिबलच्या वर जाणाऱ्या पेटीला गावातल्या अंगणात किती वॉट द्यायचे, याचा विचार साउंडवाल्याने यजमानाशी आधीच बोलून करायला हवा.

अखेर कशी झाली?

क्लिप्श होपमध्येच राहिले. १९८९ मध्ये कंपनी नात्यातल्या फ्रेड क्लिप्श यांच्याकडे गेली. ५ मे २००२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी पॉल क्लिप्श यांचे निधन झाले. होपमध्ये त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे आणि क्लिप्शहॉर्नची निर्मिती अजूनही सुरू आहे. नवीन पेटी किंवा स्पीकर घेताना त्यांच्या पद्धतीने विचारायचे प्रश्न तीनच : कर्णा कोणत्या स्वरापर्यंत आखला आहे, त्या कर्ण्याला हा स्पीकर जुळतो का आणि सगळ्या पेट्या जोडल्यावर अ‍ॅम्प्लिफायरला किती ओहम दिसणार. वॉट किती, हा प्रश्न त्यानंतरचा.